एकेक फीडर

तिसऱ्यांदा साइट बंद पडली तेव्हा सकाळचे अकरा चाळीस झाले होते.

"फिर बैठ गया, यार," समीर फोनवर म्हणाला.

समीर आणि जुईचं कॉम्प्युटर गेम विकणारं ऑनलाइन दुकान दोन वर्षांचं होतं. वर्षातला हा एकच मोठा सेल. तो बुडाला तर दुकान आवरायचं आणि सोमवारी इंदूरच्या बँकेत रुजू व्हायचं, असं जुईने वडिलांना कबूल केलं होतं. नेमणुकीचं पत्र त्यांनीच प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून ठेवलं होतं.

सर्व्हर चालू केला की बाहेर खोळंबलेले हजारो लोक एकदम आत घुसत. दोन मिनिटांत सगळं ठप्प. समीरने जादा सर्व्हर जोडून पाहिले. तेही बसले. जुईने चौथ्यांदा सुरू करायला हात पुढे केला.

"थांब."

दारात तिचे वडील, अच्युतराव, उभे होते. वीज मंडळाच्या सबस्टेशनवर तीस वर्षं काढून ते निवृत्त झाले होते. आजवर या खोलीत ते फक्त जेवायला हाक मारायला येत.

"लाइट गेली तरी घरोघरची बटणं चालूच असतात," ते म्हणाले. "सगळं गाव एकदम जोडलं की पुन्हा ट्रिप होतं. एकेक फीडर, म्हणजे एकेका भागाची लाइन, सोडायचा."

"आधी कुठला?"

"आधी हॉस्पिटल."

"माझ्याकडे हॉस्पिटल नाही, बाबा."

"मग जो सगळ्यात जास्त ताटकळलाय, तो."

जुईने समीरला रांग लावायला सांगितली. आधी फक्त दोनशे लोक आत. बाकीच्यांना क्रमांक आणि अंदाजे वेळ. साइट टिकली. दहा मिनिटांनी चारशे सोडले, मग आठशे. शिव्यांचे मेसेज थांबले. कुणीतरी लिहिलं, 'मेरा नंबर ९१२, चाय पीके आता हूँ.'

दोन वाजेपर्यंत विक्री मागच्या वर्षीच्या पुढे गेली. जुई जेवायला बसली. अच्युतरावांनी तिचं ताट वाढलं.

"मी बँकेत जावं असं तुम्हालाच वाटत होतं," ती म्हणाली. "मग सांगितलंत कशाला?"

त्यांनी तिच्या पोळीला तूप लावलं.

"पहिल्यांदा बंद पडलं तेव्हाच काय चुकतंय ते कळलं होतं मला," ते म्हणाले. "पुढच्या वेळी इतका उशीर करणार नाही."