जावयाच्या हातून

तात्यांच्या खाटेशेजारी पाळक देवदान उभे होते. ते तात्यांचे जावई. पण या घरात आज पहिल्यांदाच आले होते. त्यांच्याशी लग्न करून कुमुद ख्रिस्ती झाली, म्हणून तात्यांनी लेकीला तीस वर्षं दारात उभं केलं नाही. गेल्या वर्षी ती वारली, तेव्हा मातीलाही तात्या गेले नाहीत.

“मला बाप्तिस्मा द्या,” तात्या म्हणाले. “कुमुदचा देव मला क्षमा करील ना?”

“करील. ती रोज जेवणाआधी तुमचं नाव घेऊन तेच मागायची.”

तात्यांना हुंदका फुटला. “आणि तुम्ही?”

देवदानांनी उशाजवळचा पाण्याचा तांब्या उचलला. मग म्हणाले, “मला अजून जमलेलं नाही, तात्या.”

त्यांनी तात्यांच्या डोक्यावर तीनदा पाणी घातलं, आणि ओला हात तसाच तिथे राहू दिला.