घासलेली चांदी

प्रयोगशाळेत कोणी बोट लावेल या भीतीने पुंडलिकने चांदीचा पत्रा डबीत घालून सौंसरला घरी आणला. त्या काळपट पत्र्यावर त्याने डोळ्यांना न दिसणारे उंचवटे उठवले होते. लेझरचा अदृश्य किरण त्यांच्यावर पडला की हिरवा उजेड निघायचा. गुळगुळीत चांदीतून काही निघत नसे. उद्या नागपूरला परीक्षक तोच उजेड पाहणार होते, पीएच.डी. त्यावर टांगलेली होती. सकाळी डबी उघडी दिसताच तो बाहेर धावला. अंगणात पोळ्यासाठी बैलांचे घुंगरू घासून झाले होते, तरी आईचा राखेचा हात थांबला नव्हता. "माय, हे काय घासून राहिली?" "तुहा पत्रा. किती काळा पाडला रे बाबू." तिने तो पदराने पुसून पुढे केला. "आता पाह्य, कसं तोंड दिसते." तोंड दिसत होतं. भेदरलेलं, पण अगदी स्पष्ट.