मागचा गोंगाट

"सर, पाच वाजता फॉर्म बंद होतोय. तुमचं शिफारसपत्र अजून आलं नाही," निकिता फोनवर म्हणाली. अजिजीलाही काही मर्यादा असते. ती तिनं केव्हाच ओलांडली होती.

घरी परतताना एसटी देवगाव फाट्यावर बंद पडली होती. निवाऱ्याच्या तापलेल्या पत्र्याखाली ती दोन बॅगा घेऊन उभी होती. एका बॅगेत मेंदूविज्ञानाची पीएचडी. गोंगाटातून मेंदू एकच आवाज कसा निवडतो आणि बाकीचा कसा टाकून देतो, यात तिची सहा वर्षं गेली होती. पण पुढच्या नोकरीला नुसता मेंदू पुरत नाही, ओळख लागते. परिषदांमध्ये मोठमोठ्या शास्त्रज्ञांशेजारी ती चहाचा कप धरून उभी राहायची आणि चहा संपला की परत यायची. त्रेसष्ट ईमेल पाठवले. उत्तर एकाचंच आलं.

डॉ. सारंग. मूळचे परभणीचे, आता जर्मनीत. तरुण संशोधकांच्या एका ऑनलाइन गटात ओळख झाली आणि वर्षभर दर आठवड्याला फोन सुरू राहिला. कॅमेरा कधी लावायचे नाहीत, पण तिच्या शोधनिबंधातली चूक बरोबर पकडायचे. इतकी वर्षं परदेशात राहूनही त्यांचं 'करायलोय' सुटलं नव्हतं, याचं तिला फार कौतुक. त्यांच्या भरवशावर तिनं दुसऱ्या कुणाकडं पत्र मागितलंच नव्हतं.

"पाठवायलोय गं," सर म्हणाले. "संस्थेच्या ईमेलवरूनच जावं लागतं ना ते. तिथं जरा अडलंय."

"सर, हे गेलं तर माझं सगळं संपलं. बाबांना काय तोंड दाखवू?"

 पलीकडं नेहमीच्या बारीक घंटा किणकिणत होत्या. सरांच्या खिडकीला लागून चर्च होतं, त्यांनीच सांगितलं होतं एकदा.

"मी पण असाच परत आलो होतो," ते म्हणाले.

"मग काय केलंत सर?"

"काय करणार. थांब तू. करतो काहीतरी."

निकिताला रडू फुटलं. निवाऱ्यातली माणसं बघायला लागली, म्हणून तिनं रस्त्याकडं तोंड फिरवलं. समोर रसवंती होती. चाक फिरत होतं, घुंगरं वाजत होती, हिरव्या कापडाआड गिऱ्हाइकं बसली होती. तिला एकदम तहान लागली, आणि अशा वेळी तहान लागते याचाच राग आला.

तेवढ्यात चाक थांबलं. घुंगरं गप्प झाली.

फोनमधल्या घंटाही गप्प झाल्या.

रस्त्यापलीकडं रसवंतीवाला ओरडला, "गेली का लाईट!"

आणि पुढच्याच क्षणी तो फोनमधून तिच्या कानात ओरडला, "गेली का लाईट!"