पन्नासाचे पाचशे

आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी अण्णांनी तीस वर्षांपूर्वीचे पन्नास शेअर बाहेर काढले आणि बुद्धप्रिया एक्सेलमध्ये हिशेब मांडायला बसली. खरेदी पन्नास शेअरची, प्रत्येकी ऐंशी रुपयांना, पण कंपनीच्या पत्रात शेअर पाचशे! चूक असणार म्हणून तिने जुन्या नोंदी तपासल्या. कंपनीने एका शेअरचे आधी पाच केले होते, मग त्या प्रत्येकाचे दोन. तिने खरेदीची किंमतही तशीच विभागली. शेअर आठ रुपयांना पडला होता आणि आजचा भाव होता एकोणीसशे.

बेरीज साडेनऊ लाखांवर गेली, तशी ती स्क्रीनकडे बघतच राहिली.

"अण्णा, मी वर्षाची असताना अक्कलकोट रोडवरचा तुमचा कारखाना बंद पडला. तुम्ही आईचं कानातलं मोडलं, स्वतःची सायकल विकली. मग हे कसे राहिले?"

"ते तुझ्या नावावर घेतल्यात की. तुला इचारल्याबिगर कसं इकायचं?"

"मग विचारायचं होतं!"

"तवा तुला बोलता कुटं येत हुतं, पोरी?" अण्णा हसले. मग खुर्ची जवळ ओढून हळूच म्हणाले, "आता इचारतोय. इकू?"