आईमार्फत

शर्टाचं बटण धर्मराजांच्या बोटांतून पुन्हा निसटलं. केमोनं बोटं पार बधिर झाली होती. तपासणी आटोपली होती, डॉक्टर समोर बसले होते. राधाबाईंनी मुकाट्यानं नवऱ्याची बटणं लावून दिली.

गाठ होती तेवढीच होती. औषध पुढं चालू ठेवायचं की थांबवायचं, ते आज ठरवायचं होतं.

त्यांची मुलगी उपासना अमेरिकेत, मॉरिसव्हिलजवळच्या एका कंपनीत औषधांच्या चाचण्यांचे आकडे तपासायची; आईबाबा तिच्याकडंच राहत होते. तिनं उन्हाळ्यातच सगळं पडताळून पाहिलं होतं. औषध घेतलं तर आयुष्य फार तर दोन-तीन महिन्यांनी वाढणार, आणि त्यापायी उलट्या, बधिर हातपाय, गर्दीत जायला बंदी. नाही घेतलं तर दिवस कमी, पण बाबा नागपूरला जाऊ शकणार. यंदा दीक्षाभूमीवर धम्मदीक्षेला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. छप्पन्न साली धर्मराज अठरा वर्षांचे होते, वडिलांबरोबर भंडाऱ्याहून पायी तिथं गेले होते. पन्नासाव्याला आपण तिथं असणार, असं ते मॉरिसव्हिलमध्ये भेटेल त्याला सांगत सुटले होते.

पण या घरात बापलेक महत्त्वाचं काही एकमेकांशी बोलतील तर शपथ! उपासनाचं अमेरिकेला येणं, तिचं लग्न, सगळं आईमार्फत ठरलेलं. कॅन्सर झाला म्हणून पद्धत थोडीच बदलणार? उपासनानं आईला स्वयंपाकघरात गाठलं. "बाबांना विचार ना, त्यांना काय हवंय." तिकडं खोलीत धर्मराजांनी विचारलं, "पोरीचं काय म्हणणं आहे?" राधाबाई इकडचा निरोप तिकडं, तिकडचा इकडं करत राहिल्या, आणि औषध सुरू झालं. विजयादशमीला दीक्षाभूमी माणसांनी फुलून गेली. धर्मराजांनी तो जयघोष भावाच्या फोनवरून ऐकला. तेवढ्यातही दोनदा फोन बाजूला ठेवून ओकावं लागलं.

"तुम्हाला स्वतःला काय वाटतं?" डॉक्टरांनी आता सरळ त्यांनाच विचारलं.

धर्मराज बँकेत अधिकारी होते, इंग्रजी चांगलं होतं. ते म्हणाले, "मी मुलीसाठी घेतोय. तिची इच्छा आहे."

शेजारच्या खुर्चीवरून उपासना ताडकन उठली. "माझी? बाबा, मी पहिल्यापासून नको म्हणत होते! तुमचं तिकीटसुद्धा बुक केलं होतं मी. तुम्हालाच ट्रीटमेंट हवी आहे असं कळलं, म्हणून कॅन्सल केलं."

"मला हवी आहे, असं कोण म्हणालं?"

दोघांनी एकदमच राधाबाईंकडं पाहिलं.

"राधा, माझा पन्नासावा गेला गं," ते म्हणाले. "का केलंस असं?"

उपासनाला रडू आवरेना. "आई, आम्ही दोघंही नको म्हणत होतो. दोघंही!"

राधाबाईंनी नवऱ्याची कॉलर नीट केली. मग मुलीकडं पाहिलं.

"हो, तुम्ही दोघं एकमेकांचं विचारत होतात. मला ते दोन महिने हवे होते. पण मला कुणी विचारलंच नाही."