देवाच्या पायाशी फ्लॉपी

फ्लॉपी कोरी निघाली. भिकनने ती बाहेर काढली, फुंकर मारली, पुन्हा घातली. पडद्यावर तेच उत्तर. धुळे शाखेची आठवड्याची सगळी बिलं तिच्यात होती, आणि आता काहीच नव्हतं.

तो तडक बसस्टँडवर गेला. झुलाल ड्रायव्हर चहा पीत उभा होता. त्या काळी धुळ्याहून जळगावला डबा, औषध, चष्मा, काहीही एसटीच्या ड्रायव्हरकडे देऊन निर्धास्त व्हायचं.

"नाना, फ्लॉपी कुठं ठेवली होती?"

"देवना पायजोडे, भाऊ! बठ्ठास्नं सामान मांगे, तुन्ही तबकडी देवजोडे."

सगळ्यांचं सामान मागे आणि फ्लॉपी तेवढी देवाच्या पायाशी! भिकन गाडीत चढला. काचेपुढचा छोटा देव त्याने उचलून पाहिला. देव पत्र्याला घट्ट चिकटलेला होता. तळाशी लोहचुंबक.

"नाना, चुंबकानं फ्लॉपी पुसली जाते."

"म्हंजे देवनी खाई टाकी?" झुलालने कानाला हात लावला.

रतिलालशेठना हसू आलं नाही. ठिबकच्या नळ्या आणि पंपांचा त्यांचा व्यवसाय. मुख्य दुकान जळगावात, तिथला कॉम्प्युटर भिकनकडे; शाखा धुळ्याला.

"दुसऱ्यांदा झालं हे," ते म्हणाले. "धुळ्याचं मशीन बंद करा. बिलांचे गठ्ठे बसने इकडे येऊ द्या. कागद कुणी पुसत नाही."

धुळ्याच्या मशीनवर भिकनची बायको बसायची, कला. मशीन बंद म्हणजे तिची नोकरी बंद. आणि दोन पगारांशिवाय जळगावात खोली घेणं जमणार नव्हतं. त्यांची तीन वर्षांची मुलगी जळगावजवळच्या असोद्याला आजीजवळ वाढत होती. कला शनिवारी यायची, सोमवारी पहाटे जायची. आई निघाली की पोर आता रडतसुद्धा नसे. कलाला त्याचंच जास्त लागायचं.

"शेठ, एक संधी द्या," भिकन म्हणाला. "फोनच्या तारेवरून धुळ्याची बिलं इथं आणून दाखवतो."

"फोनवर माणसाचा आवाज धड येत नाही, बिलं कुठून येणार?"

"येतील शेठ. तुमच्या डोळ्यांदेखत."

कॉम्प्युटर हा भिकनचा ध्यास होता. चहाच्या टपरीवर तो कुणालाही धरून सांगायचा. रंगीत पडद्याच्या नादी लागू नका, मेमरी वाढवा. उसन्या फ्लॉपीवरून खेळ आणू नका, व्हायरस येतो. स्वस्तातली केबल म्हणजे घरातला गळका माठ. टपरीवाला लोटन विचारायचा, "काय भिकनभाऊ, आज मशीनला ताप नाही ना?" भिकन खरंच उत्तर द्यायचा. एकटं मशीन म्हणजे नुसता टाइपरायटर, असं त्याचं मत होतं. मशीनला मशीन जोडलं की खरी गंमत सुरू होते.

पुण्याच्या मित्राकडून त्याने मशीन फोनच्या तारेला जोडणारे दोन मोडेम मागून आणले. रविवारी असोद्याच्या ओट्यावर त्यातला एक कलाला दाखवला.

"हे बटण दाबलं की दिवा लागेल. मी तिकडून फोन लावीन, हा आपोआप उचलेल. तुला काही करायचंच नाही."

"आणि मग शेठ खूश?"

"मग काय! त्याच आनंदात तुझ्या बदलीचं बोलून घेतो."

भिकनची आई धुरपदाबाई चुलीवर वांगी भाजत होती. "बोल बापा एकडाव," ती म्हणाली. "पोरगी मलेच माय म्हणते."

कला मोडेम हातात फिरवत राहिली. "समजा, नाही जमलं. गठ्ठे जळगावला आले, तर ते मशीनमध्ये भरणार कोण?"

"ती वेळच यायची नाही," भिकन म्हणाला. "चांगली केबल लावलीय."

मंगळवारी शेठ चपला बाहेर काढून कॉम्प्युटरच्या खोलीत आले. मागोमाग सगळं दुकान आलं. भिकनने मशीनला नमस्कार केला आणि फोन लावला. कर्र, खर्र, मग धुळ्याला घंटी वाजू लागली. वाजत राहिली. पलीकडून कुणी उचललं नाही. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"सरका," शेठ म्हणाले. त्यांनी साधा फोन ओढून स्वतः नंबर फिरवला. घंटी बराच वेळ वाजली, मग कलाचा आवाज आला.

"कलाबाई, तुम्ही आहात कुठे?"

"मशीनसमोरच बसलेय, शेठ."

भिकनने रिसीव्हर घेतला. "अगं, केबल नीट बसवलीय ना?"

"तुम्ही सांगितली तशीच बसवलीय."

दुपारपर्यंत भिकन घामाघूम झाला. केबल बदलली, सॉफ्टवेअर पुन्हा घातलं, फोनचा डबा उघडून तारा खरवडल्या. शेवटी शेठ उठले.

"पुरे. धुळ्याचं मशीन उद्या टेम्पोत घालून इकडे आणा."

भिकन केबल गुंडाळू लागला.

"आणि कलाबाईंनाही सांगा, सामान बांधून या म्हणावं. एवढे गठ्ठे भरायला मला इथे दुसरं माणूस कोण मिळणार?"

महिन्याभरात जळगावात खोली मिळाली. मुलगी आली, आजीही आली. पण भिकनला चैन नव्हतं. परत करण्याआधी त्याने दोन्ही मोडेम दोन मशीनना जोडून पाहिले. पहिल्याच फटक्यात जुळले. त्याने ते पुन्हा पुन्हा जोडले, सोडवले. एकदाही चुकले नाहीत.

"कळतच नाही," तो म्हणाला. "केबल चांगली, मोडेम चांगला, लाइनही लागत होती. मग त्या दिवशी बिघडलं काय?"

कला मुलीची वेणी घालत होती. रिबिनीची गाठ नीट बसवून तिने पोरीला खेळायला सोडलं.

"बिघडलं काहीच नव्हतं," ती म्हणाली. "मी बटणच दाबलं नाही."