ताईंचं खोकं

रेडिओवर बातम्या वाचणाऱ्या ताईंनी अख्खी नोकरी लाकडी खोक्यावर उभं राहून काढली. स्टुडिओतला माइक, अधूनमधून स्वतःही बातम्या वाचणाऱ्या ताडमाड साहेबांच्या मापानं बसवलेला आणि त्याची दांडी गंजून घट्ट झालेली. खोकं करकरू नये म्हणून ताई वाचताना हलायच्याही नाहीत. साहेब बदलले, त्यांची उंची आणि तक्रारीला उत्तर मात्र तेच: ‘खोकं आहे की, चढा!’ आज ताई निवृत्त होणार आणि त्यांच्या तालमीतली बुटकी पोरगी पहिल्यांदा बातम्या वाचणार. ‘ताई, खोकं कुठंय?’ पोरगी रडकुंडीला आली. ‘मोडीत काढलं. तू नुसती उभी राहा.’ ती उभी राहिली, तर माइक नेमका ओठांसमोर. सकाळीच ताईंनी वेल्डर आणून दांडी बुटकी करून घेतली होती. लाल दिवा लागला तसा पोरीचा आवाजही लागला, खणखणीत. काचेपलीकडे ताईंशेजारी उभे साहेब हबकले. ‘पुढचं बातमीपत्र मी कसं वाचू?’ ताई म्हणाल्या, ‘वाकून!’